किल्लीचा आवाज

"घरातलं सगळ्यात जवळचं माणूस कोण तुमचं?" इंग्रजी शिकवणाऱ्या केंद्रातल्या निवेदिता आवटीनं विचारलं.

"आमचे मिस्टर," त्रिशला म्हणाली.

"मग त्यांचाच आवाज घेऊ. सोमवारी या त्यांना घेऊन. माइकसमोर बसून शब्द वाचायचे, एवढंच काम."

त्रिशला पर्सची चेन उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "ते बोलत नाहीत."

"भांडण आहे का?"

"नाही हो. झटका आला होता. अर्धांगाचा."

निवेदितानं "सॉरी" म्हटलं, आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला. "जुनं रेकॉर्डिंग आहे काही?"

रेकॉर्डिंग मात्र ढीगभर होतं. धनपाल मगदूम हा सांगलीच्या हळद बाजारात सौदे पुकारणारा माणूस. सकाळी अडतीच्या मोठ्या हॉलमध्ये पोत्यांच्या थप्पीवर उभा राहून तो दर पुकारायचा, तेही माइकशिवाय. बाजारात मुरलेले व्यापारी म्हणायचे, धनपालचा आवाज ऐकला की तळाला गेलेला दरसुद्धा आपोआप वर चढतो. घरीही त्याचा आवाज तसाच. फोनवर टाइप करायचा त्याला मनस्वी कंटाळा. दूध आणू का, गॅस संपलाय का, पाहुणे किती वाजता येणार, सगळं तो बोलून पाठवायचा. त्रिशलाच्या फोनमध्ये त्याचे असे बोललेले निरोप वर्षानुवर्षांचे साठले होते. तिनं कधी एकही पुसला नव्हता. त्यात प्रेमाबिमाचा भाग नव्हता, पुसायचं सुचलंच नव्हतं.

झटका आला तेव्हा तो आरशासमोर दाढी करत होता. हातातून रेझर पडला, आणि "काय झालं?" या त्रिशलाच्या प्रश्नाला त्याच्या तोंडातून नुसता घरघराट आला. उजवा हात आणि बोलणं एकाच सकाळी गेलं. समजत सगळं होतं. टीव्हीवरच्या विनोदाला हसायचा, बातम्यांना चिडायचा. डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत. त्यांच्यापर्यंत जायची वाट बुजलीय." लिहायचं म्हटलं तर डाव्या हातानं काढलेली अक्षरं एकमेकांत घुसायची. त्याच्याकडे उरले दोन-तीन शब्द. हां, नको, आणि आयला. चहा हवा असला तरी आयला, पाठ दुखली तरी आयला, आणि त्रिशलानं केस धुऊन मोकळे सोडले तरी आयला. त्रिशलाला त्या एका शब्दाच्या चढउतारावरून सगळं कळायचं. शेजारणी थक्क व्हायच्या. ती म्हणायची, "वीस वर्षं ऐकतेय, त्यात काय एवढं!"

घर चालवायला तिला काम हवं होतं आणि सांगलीत तेव्हा नव्या कामांत मोठं काम एकच होतं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दूरहस्ताची केंद्रं उघडली होती. परदेशातल्या स्वयंपाकघरांत, इस्पितळांत, गोदामांत यंत्रमानव राबत. त्यांचं काही अडलं, म्हणजे झाकण घट्ट बसलं, काही सांडलं, मधे माणूस आलं, की इकडच्या खुर्चीतल्या बाईच्या हातात त्या यंत्राचे हात यायचे. हातमोजे घालायचे, समोरच्या पडद्यावर बघायचं आणि तिथल्या माणसांशी बोलत काम सोडवायचं.

भाषांतर करणारी यंत्रं कधीची आली होती, पण या कामात ती चालत नसत. वाक्य पुरं ऐकून मग ते उलटवायला यंत्राला क्षणभर वेळ लागतो. उकळत्या सुपाचं भांडं कलंडताना तो क्षण फार मोठा असतो. एकदोन माणसं भाजल्यावर विमा कंपन्यांनी सांगून टाकलं, खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यात इंग्रजी हवं, कानातल्या यंत्रात नको.

त्रिशला बी. कॉम. झालेली. इंग्रजीतून अर्ज लिहायची, नोटीस वाचायची. पण तिच्या शाळेच्या इंग्रजीत निबंध होते, स्वयंपाकघर नव्हतं. डाव म्हणजे काय, पोतेरं म्हणजे काय, मोरीच्या जाळीला काय म्हणतात, भाताची करपलेली खरवड कशी सांगायची, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पडद्यावर अचानक उगवणाऱ्या चौकटीत दोन बटणं यायची, आणि कुठलं दाबलं की यंत्र थांबतं नि कुठलं दाबलं की माणसाच्या अंगावर जातं, हे न वाचता कळायला हवं होतं. चाचणीत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्या वेळी कुणीतरी तिला कानपट्टीच्या केंद्राचा पत्ता दिला.

कानपट्टी हे लोकांनी ठेवलेलं नाव. कपाळावरून दोन्ही कानशिलांवर बसणारा, बोटभर रुंदीचा पट्टा. निवेदितानं तो तिच्या हातात दिला आणि समजावून सांगितलं.

"कुठलीही आठवण काढली ना, की ती थोडा वेळ मऊ पडते. मग परत घट्ट होते. प्रत्येक वेळी. मऊ असताना तिच्यात नवं काही मिसळलं, तर ते तिच्याबरोबरच घट्ट होतं. उंदरांवर हे फार पूर्वीच बघितलं होतं लोकांनी. आपण काय करतो? एक मराठी शब्द ऐकवतो. तुमच्या मेंदूत त्याची जागा उघडते. त्याच क्षणी पट्ट्यातून न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरी नेमक्या त्या जागी सोडायच्या, म्हणजे ती जागा जास्त वेळ मऊ राहते. नाकात मारायचा फवारा आहे, तो तिला घाईनं घट्ट होऊ देत नाही. तेवढ्यात इंग्रजी शब्द आत सोडायचा. संपलं."

"पाठ करायचं नाही?"

"नाही. नवं घर बांधायला वर्षं लागतात. बांधलेल्या घरात सामान टाकायला कितीसा वेळ लागतो?"

"आणि आत आधी राहत असतो तो?"

निवेदिता हसली. "तोही राहतो की. दोघं मिळून राहतात. थोडे दिवस अडचण होते, मग सवय होते."

"आणि माणसाचा आवाज कशाला?"

"ती किल्ली. परक्या आवाजातला शब्द दार किलकिलं करतो. आपल्या माणसाच्या आवाजातला शब्द सताड उघडतो. जितकी माया जास्त, तितकं शिकणं लवकर."

हे ऐकून त्रिशलाला बरं वाटलं.

धनपालच्या निरोपांतून संगणकानं शब्द वेचले. जे सापडले नाहीत ते त्याच्याच आवाजात घडवले. पहिल्या दिवशी त्रिशला खुर्चीत डोळे मिटून बसली, नाकात फवाऱ्याचा थंड झोत गेला आणि कानात धनपाल बोलला, "झाकण."

ती ताडकन उठून बसली. तोच आवाज. डब्यांच्या कपाटासमोर उभा राहून, हातातली तीन झाकणं एकाही डब्याला बसत नाहीत म्हणून वैतागलेला. तिला हसू आलं आणि तेवढ्यात डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाठोपाठ एक बाई सपाट आवाजात म्हणाली, "लिड."

"रडलात तरी चालेल," निवेदिता काचेपलीकडून म्हणाली. "उलट चांगलंच आहे. पट्टा हलवू नका फक्त."

त्यानंतर ती रोज वेळेच्या आधी जाऊन बसायची. घरी आयला ऐकायचं, आणि इथं येऊन तोच माणूस पुन्हा सगळं बोलतोय असं ऐकायचं. पातेलं. पोतेरं. सांडलं. घसरशील. भूक. थांब. बटण. गरम आहे, हात लावू नकोस. परवलीचा शब्द. पुन्हा सुरू कर. रद्द. प्रत्येक शब्दाला त्याच्या गळ्याची खरखर होती, आणि प्रत्येक शब्दावर ती बाई येऊन बसत होती.

पुढच्या काही आठवड्यांत तिचं रडणं थांबलं. सवय झाली, असं तिला वाटलं.

चाचणी ती पहिल्या फटक्यात पास झाली. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावातल्या एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर तिच्याकडे आलं. तिथली संध्याकाळची जेवणं म्हणजे सांगलीची सकाळ. मुख्य आचारीण डोरीन नावाची, लालबुंद गालांची, तोंडाची फटकळ बाई. पहिल्याच आठवड्यात यंत्र मोठ्या पातेल्यातून रस्सा गाळत होतं आणि त्याच्या कोपराखाली एक आजोबा चमचा मागायला येऊन उभे राहिले. डोरीन पाठमोरी होती. त्रिशलाच्या तोंडून शब्द सुटला, "लिड! लिड ऑन! स्टेप बॅक, सर!" आणि तिचे हात पुढं झाले. झाकण बसलं, आजोबा मागं सरले, रस्सा फरशीवर सांडला. शब्द शोधावा लागला नव्हता. विस्तवावरून हात मागं घेतात तसा तो आला होता.

डोरीन कॅमेऱ्याजवळ तोंड आणून म्हणाली, "लव्ह, तू कुठं होतीस इतके दिवस?"

असं त्रिशलाला कुणी कधी विचारलं नव्हतं.

काम लागल्यावर तिनं धनपालसाठी फरहाना मुलाणीला बोलावलं. फरहाना वाचोपचार करायची. झटक्यानं बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायची. तिनं एक गोष्ट लगेच हेरली. सुटा शब्द धनपालला येत नव्हता, पण ठेक्यावर दर पुकारायला सांगितलं की ओठ हलायचे. गाण्याचं आणि ठेक्याचं काम मेंदूच्या दुसऱ्या अंगाला चालतं, ते शाबूत होतं. मग तिनं त्याच्या डाव्या हाताला टेबलावर ठेका धरायला लावलं आणि त्या ठेक्यात शब्द पेरायला सुरुवात केली. त्रिशला कामावर असायची तेव्हा हे चालायचं. धनपालची मोठी बहीण राजमतीआक्का नांद्र्याहून मदतीला येऊन राहिली होती. तिनं हळूहळू आकार घेणारं ते बोलणं रोज ऐकलं, पण धनपालनं खुणेनं तिला बजावलं होतं, त्रिशलाला सांगायचं नाही. एकदम ऐकवायचं.

त्या दुपारी त्रिशला घरी आली तेव्हा तिघंही बाहेरच्या खोलीत उभी होती. धनपालनं इस्त्रीचा सदरा घातला होता. फरहानाच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची धाकधूक होती. आक्का पदर तोंडाला लावून उभी.

धनपालनं डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला आणि तोंड उघडलं.

त्रिशलाला स्वतःचं नाव ऐकू आलं. त्यापुढं नुसता खडखडाट. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मग पुन्हा एकदा तिचं नाव, आणि परत खडे.

ती हसली. त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "छान. येईल हं हळूहळू. दमू नका."

फरहानानं चमकून आक्काकडं बघितलं.

धनपालनं पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. कपाळावर घाम आला होता. त्रिशला लहान मुलाकडं बघावं तशी मान हलवत होती. "हां, हां. असंच. शाब्बास."

"आगं काय शाब्बास!" आक्काचा पदर सुटला. "चक्क बोलला की तो! कळंना व्हय तुला?"

"काय बोलले?"

फरहाना जपून पुढं आली. "वहिनी, मी म्हणते तसं ऐका. त्रिशला, बस जरा. आज पाणी मी देतो. लई दिवस तू दिलंस."

"कळलं की. पण हे तुम्ही म्हणालात."

"दादा, परत म्हणा."

दादा परत म्हणाले. नाव, आणि खडे.

फरहानानं आणखी थोडे शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतले. फोन म्हटल्यावर त्रिशलानं फोन दाखवला. डॉक्टर म्हटल्यावर ओळखलं. पाणी, खिडकी, हात, ये, जा, ऊन, मीठ यांच्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचलं नाही. तेच शब्द आक्का म्हणाली की सगळं कळत होतं. धनपाल एकदा फरहानाकडं, एकदा बायकोकडं बघत होता. आपलं बोलणं अजून फुटकंच आहे आणि फरहाना नि आक्का आपल्याला खूष ठेवायला खोटं सांगतायत, असं त्याला वाटलं असावं. तो खाली बसला आणि ठेक्याचा हात मांडीखाली दाबून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं निवेदिताच्या केंद्रात गेली. निवेदितानं चाचणी घेतली आणि आलेख बघत राहिली. तिला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"असं होतं का?" त्रिशलानं विचारलं.

"क्वचित. किल्ली फारच चांगली बसली की होतं." तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "तुम्ही झाकण हा शब्द हजार लोकांकडून ऐकला असेल. त्या वाटा शाबूत आहेत. पण ह्यांच्या आवाजातून झाकणाकडं जाणारी वाट आपण रोज उघडली, आणि दर वेळी तिच्या टोकाशी इंग्रजी शब्द ठेवला. वाट आता तिकडंच जाते. ह्यांनी मराठी शब्द म्हटला की मेंदूला जायला ठिकाणच राहत नाही. यादीत जे नव्हतं, तुमचं नाव, फोन, डॉक्टर, ते वाचलं."

"मग आता?"

"एक मिनिट." निवेदितानं काहीतरी दाबलं. "ऐका."

स्पीकरमधून धनपालचा आवाज आला. झटक्याच्या आधीचा, भरदार. तो इंग्रजी बोलत होता. धनपालनं जन्मात न बोललेलं, सलग, सफाईदार इंग्रजी. त्रिशला, यू लुक टायर्ड. सिट डाउन. आय विल मेक द टी.

त्रिशलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच! डब्यांच्या कपाटासमोरचा, पोत्यांच्या थप्पीवरचा, केस मोकळे सोडल्यावर दारात थबकणारा. सगळी माया जिथल्या तिथं होती, फक्त दुसऱ्या शब्दांखाली. ती हसायला लागली, रडायला लागली, स्पीकरच्या दिशेनं पुढं झुकली आणि म्हणाली, "परत. परत लावा."

शेजारच्या खुर्चीत धनपाल बसला होता. आपलाच आवाज, आणि त्यातलं एक अक्षर आपल्याला कळत नाही. बायको त्या डबीकडं अशी बघतेय, तशी आपल्याकडं झटक्यानंतर एकदाही बघितलेली नाही. त्यानं उजवा लुळा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं.

निवेदितानं गळ्यात अडकवायचं यंत्र दिलं. तो मराठीत बोलायचा, ते त्याच्या जुन्या आवाजात इंग्रजी करायचं. काही दिवस घर चाललं. पण धनपालचं बोलणं अजून तुटक होतं. मधले शब्द यंत्र आपल्या मनानं भरायचं. तो चिडून काही म्हणाला तर ते गोड करून सांगायचं. एकदा जेवताना तो ताट सारून तावातावानं काहीतरी बोलला, आणि यंत्र म्हणालं, डिनर इज लव्हली, डिअर. त्रिशला लाजून हसली. हसताना ती त्याच्या गळ्याखालच्या डबीकडं बघत होती.

धनपालनं यंत्र काढलं, तिच्या ताटाशेजारी ठेवलं आणि हात धुवायला उठून गेला.

त्यानंतर दोघांच्या मधे आक्का आली. नवरा बोलायचा, आक्का तेच परत म्हणायची आणि बायको उत्तर द्यायची. भाजीचं, औषधाचं ठीक होतं. पण एकदा धनपाल काही म्हणाला आणि आक्का मान खाली घालून म्हणाली, "हे मी न्हाई सांगणार बाई. नवरा-बायकूतलं हाय." ते शेवटपर्यंत त्रिशलाला कळलं नाही.

उपाय होता. निवेदितानं तो शेवटी सांगितला होता, आवाज जरा खाली आणून. उलटं करता येईल. धनपालनं स्वतः समोर बसायचं, तोच पट्टा, तोच फवारा, आणि एकेक शब्द त्याच्या जिवंत आवाजात परत जागेवर बसवायचा. मात्र इंग्रजी हलेल. शब्द राहतील, पण शोधावे लागतील. दूरहस्ताचं काम जाईल.

"करूया," त्रिशला धनपालला म्हणाली होती. "नक्की करूया. डोरीन सुटीवर चाललीय, ती परत येऊ दे."

डोरीन परत आली. मग त्रिशलाकडं आणखी दोन स्वयंपाकघरं आली. मग तिच्या हाताखाली चार नव्या मुली दिल्या. धनपाल रोज एकच प्रश्न विचारायचा, आणि आक्का तो पोचवायची.

"विचारालाय, कधी?"

"एवढा महिना जाऊ दे, आक्का."

एका दुपारी आक्कानं हातातली परात खाली ठेवली. "खरं सांग मला. तुला नकोच हाय न्हवं?"

धनपाल तिथंच, खिडकीपाशी बसलेला होता. त्रिशलाला त्याचं बोलणं कळेनासं झालं, तेव्हापासून त्यालाही आपलं कळत नसेल असं ती नकळत धरून चालायला लागली होती. ती त्याच्यासमोर मैत्रिणींशी त्याच्याविषयी बोलायची, तो झोपलाय का म्हणून आक्काला त्याच्या देखत विचारायची.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तिथं मी तोंड उघडलं की माणसं थांबतात, आक्का. ऐकतात. मी सांगितलं तसं करतात. इथं वीस वर्षं ह्यांचाच आवाज. उठल्यापासून झोपेपर्यंत. मला वाटायचं मला तो आवडतो. आता घर शांत आहे, तर मला कळतंय की मला शांतताच आवडते."

आक्का खिडकीकडं बघत होती. तिची नजर जिथं गेली होती तिथं त्रिशलानंही बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. धनपालचा चेहरा शांत होता. सौदा तुटल्यावर तो पुढच्या पोत्याकडं वळायचा, तेव्हा असायचा तसा.

"तसं नाही हो," ती घाईघाईनं म्हणाली. "मला असं म्हणायचं नव्हतं."

तो काहीतरी म्हणाला. लहानसं. तिनं आक्काकडं बघितलं.

"कपडे भरायला सांगितल्यात," आक्का म्हणाली.

तो नांद्र्याला गेला. त्रिशलानं अडवलं, पण हात धरून नाही, तोंडानं अडवलं. तिला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं.

घरात आता कुणाचाच आवाज नव्हता. सुरुवातीला तिला ते सुखाचं वाटलं. नंतर ती कामावरून यायची आणि टीव्ही लावायची. मग तिनं कपाटातलं ते गळ्यातलं यंत्र काढलं आणि चालू करून बघितलं. समोर बोलणारं कुणी नसल्यावर ते मुकंच राहिलं. तिनं फोनमधले जुने निरोप लावून बघितले. वर्षानुवर्षांचे निरोप, आणि एकेका निरोपात खडे, आणि मधूनच तिचं नाव.

ड्युनेडिनमध्ये डोरीन निवृत्त झाली. तिच्या जागी आलेला माणूस त्रिशलाला नावानं हाक मारत नसे. तो म्हणायचा, ऑपरेटर.

नव्या हळदीचा हंगाम सुरू झाला तेव्हा शेजारणीनं सांगितलं, धनपालभाऊ बाजारात परत उभे राहतायत. एक हात लुळा, पण गळा तोच. नांद्र्याहून रोज येतात. फरहाना त्यांची गोष्ट सगळीकडं सांगत फिरते.

त्रिशलानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिनं कुपवाडला राजीनामा पाठवला आणि निवेदिताला फोन करून पट्ट्याची वेळ घेतली, दोघांची. मग साडी बदलली आणि हळद बाजारात गेली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती तिथं कधी गेली नव्हती. त्याचा आवाज घरात इतका होता की तो ऐकायला बाजारात जायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

हॉलमध्ये पिवळी धूळ उडत होती. दाटीवाटीनं उभे असलेले व्यापारी, अडते, हमाल यांच्या डोक्यांवरून तिला तो दिसला. पोत्यांच्या थप्पीवर, डाव्या हातानं हवेत ठेका देत. त्याच्या तोंडून खडे सुटत होते आणि त्या खड्यांना चहूबाजूंनी उत्तरं येत होती. उत्तरं तिला कळत होती. आठशेनं वर, हां, बसा खाली, आमचं नाव लावा. मधेच तो काही म्हणाला आणि अख्खा हॉल खो खो हसला. एक म्हातारा हमाल डोळे पुसत म्हणाला, "काय बोलतोय बघा बेणं!" प्रत्येकाला कळत होतं. पोत्याशी खेळणाऱ्या लहान पोरीलाही.

धनपालची नजर दाराकडं आली आणि तिच्यावर थांबली.

त्रिशलानं हात वर केला. मी आले, थांबा, काम झालं की बोलूया, एवढंच तिला सांगायचं होतं. हात वर करून ती हसली.

ठेका थांबला. हॉलमधली माणसं वळली, बोलीचा हात कुणाचा ते बघायला. धनपाल तिच्याकडं बघत होता. मग तो सगळ्यांना उद्देशून एक वाक्य बोलला. सावकाश, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा करून. त्यात तिचं नाव नव्हतं. काही माणसं हसली. काहींनी चटकन नजर वळवली.

शेजारी तमिळनाडूतल्या इरोडहून आलेला एक व्यापारी उभा होता. वर्षानुवर्षं सांगलीत खरेदीला येऊन बाजाराची मराठी त्याच्या अंगवळणी पडली होती. त्रिशलानं त्याची बाही धरली. धनपालचा आवाज नुकताच कानात शिरला होता, आणि त्या आवाजामागून तिच्या तोंडी जी भाषा यायची तीच आली.

"व्हॉट डिड ही से? प्लीज, व्हॉट डिड ही से?"

त्या माणसानं तिच्याकडं जरा दयेनं बघितलं. बाई परदेशी पाहुण्यांबरोबर आली असावी असं त्याला वाटलं. तो तिला समजेल अशा बेतानं, एकेक शब्द जोडत म्हणाला, "मॅडम, ही सेज... दॅट हँड, डोन्ट काउंट. लेडी डझ नॉट अंडरस्टँड."

थप्पीवरचा हात पुन्हा ठेक्यात हलायला लागला. दर वर चढत गेला, आणि त्रिशलानं हात खाली घेतला.